पालकाची सही

माझा धाकटा भाऊ शेहेचाळीस वर्षांचा, लेथच्या कारखान्यात फोरमन. तिथे त्याला सगळे साहेब म्हणतात आणि घरी आल्यावरही तो ते विसरत नाही. ऑपरेशनमध्ये त्याचं डावं मूत्रपिंड गाठीसकट काढलं आणि अहवाल आला: हा कर्करोग तीन-चार वर्षांच्या मुलांना होतो, मोठ्यांना अगदी क्वचित.

"वयाला शोभेल असं तू कधी वागलायस?" मी म्हटलं. तो हसला नाही.

मोठ्यांच्या डॉक्टरांनी त्याला बालविभागात पाठवलं. औषध ऑपरेशननंतर महिन्याच्या आत सुरू व्हायला हवं होतं. चोवीस दिवस उलटले होते; त्यातले नऊ साहेबांनी नुसते रुसण्यात घालवले.

"भिंतीवर ससे काढलेल्या खोलीत मी बसणार नाही, ताई."

"सशांचंही तेच म्हणणं असेल," त्याची बायको म्हणाली.

शेवटी आम्ही दोघींनी एकेक दंड धरून त्याला नेलं. नर्सने फॉर्म पुढे केला. तळाशी छापलं होतं: पालकाची सही.

"आणा, मी करते," बायको म्हणाली.

"मी थोरली आहे."

"सतरा वर्षं सांभाळतेय मी यांना!"

"तुला वाढवलेला मिळाला. नाक मी पुसलंय."

नाकाचा विषय निघताच साहेब उठून दाराकडे चालू लागले. दारातच मुलांच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. नव्या कारागिराला विचारावं तसं त्याने त्यांना विचारलं, "हा आजार किती वेळा हाताळलाय तुम्ही?"

"मुलांमध्ये शंभरावर. मोठ्यांत तुम्ही तिसरे."

"आणि वरच्या मजल्यावरचे, मोठ्यांचे डॉक्टर?"

"एकदाही नाही. म्हणून तर त्यांनी पाठवलं."

"आधीचे दोघं?"

"एकजण अजून तपासणीला येतो. दुसऱ्या बाई फार उशिरा आल्या."

तो थबकला. कारखान्यात अवघड काम तो मालकाच्या पुतण्यालाही देत नाही. ज्याच्या हाताखालून ते आधी गेलंय, त्यालाच देतो. इथे तर त्याला स्वतःलाच कुणाच्या तरी हाती सोपवायचं होतं.

तो मुकाट्याने मागे फिरला, खाटेवर बसला आणि बाही वर सरकवली. फॉर्मवर आम्ही दोघींनीही सह्या ठोकल्या. नर्सने हात टेकले.

शेजारच्या खाटेवरची केस गेलेली चिमुरडी त्याला न्याहाळत होती.

"सुई आली की हाताकडे बघायचं नाही," तिने बजावलं. "माझ्याकडे बघ."

"बरं, बाई," म्हणत साहेबांनी मान वळवली.