ओळ पुरी होईपर्यंत

“दर ओळीच्या शेवटी थांबत जा, पोरी. मशीन बंद कर आणि जरा मागच्या खोलीकडे कान दे.”

मावशींनी हे सांगितलं तेव्हा त्यांची भाची माझ्या सुईत दोरा ओवत होती. तिने मानही वर केली नाही. “ढब्बू तुझ्याजवळ आहे म्हटल्यावर मला कसली काळजी?” असं म्हणून तिने माझं बटण दाबलं आणि विषय तिथेच संपला. मित्रांनो, मी ते ऐकलं होतं.

मी रजया शिवणारी लांब हाताची मशीन आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे. घरातली साधी शिलाई मशीन जागेवर असते आणि कापड सरकतं. माझं उलटं. वरचं कापड, मधला कापूस आणि खालचं अस्तर असे तीन थर दोन दांड्यांवर ताणून बांधतात आणि माझ्या मुठी धरून मलाच रुळांवरून फिरवतात. पाटीवर पेन्सिल फिरावी तशी माझी सुई रजईवर फिरते. वेटोळी, खडे, पिसं, मनात येईल ती नक्षी काढता येते. मात्र पेन्सिलीची रेघ पुसता येते, माझी उसवावी लागते.

मावशींकडे मी बावीस वर्षं राबले. आमची पिसं बघायला लोक लांबून यायचे. मग मावशींचे हात थरथरू लागले. हात थरथरला की रेघ थरथरते, ते झाकता येत नाही. त्यांनी माझ्यावर एक जुनी चादर टाकली. तीन वर्षं मी घड्या न केलेल्या कपड्यांचं ओझं वाहत कोपऱ्यात उभी होते. तेलाचा एक थेंब नाही. रूळ धुळीने चिकट झाले.

भाची आली ती चार वर्षांच्या लेकीला, ढब्बूला, घेऊन. लेकीसाठी तिने ऑफिसची नोकरी सोडली होती आणि घरबसल्या काम हवं होतं. रजयांच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या होत्या, “शुक्रवारी पिसांचा एक नमुना आणून दाखवा. एकही गाठ नको. मग बघू.” चादर निघाली, तेल पडलं, आणि माझे रूळ पुन्हा सुरू झाले.

ही भाची भारी जपणारी. प्लगच्या भोकांना चिकटपट्टी, टेबलाच्या कोपऱ्यांना कापूस. माझ्यापासून चार पावलांवर तिने फरशीवर पिवळी पट्टी चिकटवली.

“या पट्टीच्या आत यायचं नाही. काहीही झालं तरी,” तिने लेकीला बजावलं.

“आजीने पाठवलं तरी?” ढब्बू मावशींना आजी म्हणायची.

“तरी. तिथूनच हाक मारायची.”

“आणि तुला ऐकूच नाही आली तर?”

“येईल गं.”

सराव सुरू झाला. आधी पाटीवर, हात न उचलता. मग जुन्या चादरीवर. पहिलं पीस बघून मावशी म्हणाल्या, “हे ज्या पक्ष्याचं आहे, त्याला आधी डॉक्टरांना दाखव.” दोघी पोट धरून हसल्या. मावशी तिला डोळे मिटायला लावून माझा आवाजही ओळखायला शिकवायच्या. खालच्या बॉबिनमधला दोरा संपला तरी माझी सुई चालतच राहते. टाका पडत नाही, नुसती भोकं पडतात. कळतं ते फक्त आवाजावरून, कारण तो पोकळ होतो.

मधेच थांबलं की तिथे गाठ दिसते, म्हणून ओळ पुरी झाल्याशिवाय थांबायचं नाही, हा मावशींचाच नियम. पण ओळ संपली की थांबायचं, हाही त्यांचाच. भाचीने पहिला नियम घेतला. तिच्या लक्षात आलं की थांबलं की बसलेला हात सुटतो. मग तिने एका ओळीचं टोक दुसरीत वळवलं, दुसरीचं तिसरीत. मित्रांनो, तिने ओळीला शेवटच ठेवला नाही.

गुरुवारी दुपारी ती नमुन्यावर होती. पाठ दाराकडे, डोळे सुईवर. मागच्या खोलीत मावशी ढब्बूला चिंध्यांची बाहुली करून देत होत्या.

माझे पाय फरशीवर असतात. घरातला आवाज मला आधी पायांना लागतो. मी खिडकीकडच्या टोकाला होते तेव्हा काहीतरी जड पडलं. पाठोपाठ छोटी पावलं धावत आली आणि पट्टीवर थांबली.

“आई.”

माझी मोटर घरघरत होती.

“आई, आजी पडली.”

पीस वळलं. पिसाचा कणा सरळ आला, आतापर्यंतचा सगळ्यांत सुरेख. भाची मनाशी म्हणाली, “एवढी ओळ पुरी होऊ दे.” ओळ दुसऱ्या ओळीत वळली. ढब्बूच्या पायाचा अंगठा पट्टीला लागला होता, पण त्यापुढे गेला नाही. ती गुणी मुलगी होती. मी ओरडले असते, पण मला तोंड नाही, सुई आहे.

मग बॉबिन संपली. सुई रिकामी भोकं पाडत चालली. एक वीत. दोन विती. माझा आवाज पोकळ झाला आणि भाचीचा हात थबकला. तिने बटण बंद केलं.

“मी पट्टीच्या बाहेरच आहे,” ढब्बू म्हणाली. तिचा आवाज बसला होता. “आजी उठत नाही. मी कितीदा सांगितलं.”

मावशी पलंगाशी कोसळल्या होत्या, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. फोनवर दवाखान्यातल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “किती वेळ झाला? नक्की सांगा, त्यावर औषध ठरतं.”

भाचीला काहीच माहीत नव्हतं. “ढब्बू, आजी पडली तेव्हा मी कुठे होते?”

“खिडकीजवळ. मग तू परत एकदा तिथे आलीस.”

ती फोन कानाला धरूनच माझ्याकडे धावत आली. खिडकीकडच्या टोकापासून रिकाम्या भोकांपर्यंत तिने बोट फिरवलं. शुक्रवारसाठी तिने प्रत्येक ओळीची वेळ घड्याळ लावून मोजली होती. अडीच ओळी, ओळीला चार मिनिटं. “दहा मिनिटं,” ती म्हणाली.

मावशी तिसऱ्या आठवड्यात घरी आल्या. उजवा हात नीट उचलत नाही, बोलणं सावकाश. त्यांनी डाव्या हाताने नमुना चाचपला, भोकांपाशी थांबल्या.

“इथे... बॉबिन संपली?”

“हो, मावशी.”

“बरं झालं.” मग पिसाच्या कण्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, “पीस... छान आलंय.”

भाची तिथेच खाली बसली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून बराच वेळ उठली नाही.

तो नमुना दुकानात गेला नाही. तो माझ्यासमोर भिंतीवर टांगला आहे. दुकानातल्या बाईंनी मुदत वाढवून दिली, भाचीने दुसरा शिवला, दर ओळीला शेवट ठेवून, आणि त्यावर तिला काम मिळालं. पिवळी पट्टी अजून आहे. मात्र ढब्बूला आता सांगितलं आहे की हाक ऐकू गेली नाही, तर पट्टी ओलांडून सरळ भिंतीवरचं मोठं बटण बंद करायचं. तिने ते दोनदा करून पाहिलं, एकदा उगाचच.

मित्रांनो, यंत्रांना तेल घाला, धूळ पुसा, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरात तुमच्यावर लक्ष ठेवणारं कुणीतरी असेल. त्या माणसाकडे शेवटचं कधी पाहिलंत? एवढी ओळ पुरी होऊ दे, असं म्हणू नका. पुस्तक उपडं ठेवा आणि आतल्या खोलीत जाऊन बघून या.