उंदीरखाऊची हॅट

बाना म्विलाने कमरेला गुंडाळलेल्या चितेंगे कापडाच्या टोकाची गाठ सोडली आणि पांढऱ्या गोळ्या ओबेद जेरेसमोर दवाखान्याच्या बाकावर ओतल्या. काही गोळ्यांना पिसं चिकटली होती.

"खुराड्यात सापडल्या," ती म्हणाली. "अंडी काढायला हात घातला, तर ह्या."

ओबेदने एक गोळी उचलून उजेडात धरली. ओळखायला वेळ लागला नाही. हीच गोळी तो स्वतः रोज संध्याकाळी जेवणानंतर घेत होता.

"वा," तो म्हणाला, "आमच्या दवाखान्यात माणसं रांगेत उभी, आणि तुझ्या कोंबड्यांना औषध घरपोच. माकडखाऊंचा थाटच वेगळा."

एरवी एवढ्यावर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. बाना म्विला बेम्बा जमातीची आणि ओबेद न्गोनी जमातीचा. दोघांच्या पूर्वजांनी एके काळी एकमेकांवर भाले चालवले, आणि दमून भाले खाली ठेवले ते थट्टेचं नातं जोडूनच. तेव्हापासून बेम्बाने न्गोनीला उंदीरखाऊ म्हणावं, न्गोनीने बेम्बाला माकडखाऊ म्हणावं, हाताला लागेल ते उचलून न्यावं आणि कुणी रागवायचं नाही, असा रिवाज पडला. लुआन्श्या गावातल्या त्या वस्तीत या दोघांइतक्या मनापासून तो कुणी पाळत नव्हतं. दवाखान्याच्या बाकावर त्यांची जुंपली की औषधाला आलेली पोरं आपला नंबर सोडून ऐकत बसत.

पण आज म्हातारी खाली मान घालून गोळ्यांची पिसं वेचत राहिली.

"कासुबाच्या?" त्याने हळूच विचारलं.

तिने मान डोलावली. कासुबा तिची नात, तेरा वर्षांची, शाळेत धावण्यात पहिली. जन्मतःच आईकडून तिला एचआयव्ही आला होता. आई म्विला, जिच्यावरून म्हातारीला बाना म्विला, म्हणजे म्विलाची आई, म्हणत, ती कासुबा रांगत होती तेव्हाच गेली. आजीने पोरीला सांगून ठेवलं होतं की गोळी दम्याची आहे. दवाखान्यातली सिस्टर कधीपासून मागे लागली होती की पोर मोठी झाली, आता तिला खरं सांगा, नाहीतर मला सांगू द्या. आजी दर वेळी पुढच्या महिन्यावर ढकलत होती. आणि परवाच्या तपासणीत पोरीच्या रक्तातले विषाणू वाढलेले निघाले.

"सिस्टर सांगेल," ओबेद म्हणाला. "मी बसतो की शेजारी."

"परक्या तोंडून नको. आणि माझ्या तोंडून तो शब्द निघत नाही रे." ती आपल्या हातांकडे पाहत बोलत होती. "म्विला गेली तेव्हा अंगणात माणूस मावत नव्हतं. पण एक न्गोनी पुढे आला नाही. कुणी माझं भांडं पळवलं नाही, कुणी खोटं रडलं नाही. नुसती कुजबुज. कशानं गेली, कशानं गेली. माझ्या लेकीला हसवून कुणी वाटेला लावलं नाही. तेव्हा जो शब्द घशात अडकला तो अडकलाच."

म्विलाच्या मयताला असं झालं, हे ओबेदला ठाऊक नव्हतं. मयताच्या घरी थट्टेच्या नातेवाइकांनी धिंगाणा घालायचा, रडणाऱ्यांना रडता रडता हसवायचं, हा मेलेल्याचा हक्क. तो चुकला म्हणजे माणूस अर्धवटच गेला.

"मी असतो तर आलो असतो," तो म्हणाला. "मी तेव्हा किटवेच्या दवाखान्यात होतो. माझंच अंगण भरायच्या बेतात होतं."

त्याने गोळ्या गोळा करून कागदात बांधल्या.

"रविवारी येतो. कोंबडी पळवायला."

"कोंबडी कशाला?"

"रिवाज आहे म्हणून. माझं मी सांगेन, तिचं तू सांगायचंस. मी मध्ये तोंड घालणार नाही."

ओबेद जेरे म्हणजे वस्तीत कुणाच्या डोळ्यांत भरावा असा माणूस नव्हे. उभं आयुष्य त्याने तांब्याच्या खाणीत माणसांचा पाळणा वरखाली करण्यात घालवलं, आणि खाण बंद पडल्यावर तो जो वर आला तो वरच राहिला. बायको एनेलेस गेली, मुलं लुसाकात पांगली. आता शनिवारी दवाखान्यामागच्या खोलीत हीच गोळी घेणाऱ्या पोरांचा मेळावा भरे, त्यासाठी बाकं मांडायची, ढोल वाजवायचा आणि गोळी चुकवणाऱ्याच्या घरी चक्कर टाकायची, एवढं त्याचं काम. डोक्यावर तपकिरी हॅट असे. एनेलेसने ती जुन्या कपड्यांच्या ढिगातून भांडून घेतली होती, आणि चर्च सोडलं तर तो ती कुठेही काढत नसे.

रविवारी उन्हं कलताना तो अंगणात शिरला, इकडेतिकडे न बघता एक गुबगुबीत कोंबडी काखेत मारली आणि पळत सुटला.

"आजी, चोर," कासुबा ओरडली आणि मागे धावली. कुंपणापर्यंतसुद्धा तिने त्याला पोचू दिलं नाही.

"दमा हिला आहे म्हणे," ओबेद धापा टाकत म्हणाला. "मग मला काय झालंय?"

"उंदीर बाधले असतील," बाना म्विला चुलीजवळून म्हणाली. "बस आता. कोंबडी बांधून ठेव आणि जेव. उपाशी चोर मला चालत नाही."

मक्याच्या पिठाचा घट्ट न्शिमा होता, शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी होती, तळलेली सुकी मासळी होती. ओबेद पोटभर जेवला. मग त्याने खिशातून गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली. कासुबा बघत होती.

"आजोबा, तुम्हालापण दमा आहे?"

"नाही गं. मला एचआयव्ही आहे." बाजारात टोमॅटोचा भाव सांगावा तसं त्याने सांगितलं.

कासुबाचा हात ताटातच राहिला. "पण ही तर माझी गोळी."

"ही माझीच. तुझी कोंबड्यांनी खाल्ली."

पोरीने चमकून आजीकडे पाहिलं. ओबेदने ठरल्याप्रमाणे तोंड मिटलं आणि स्वच्छ झालेलं ताट पुन्हा पुसायला घेतलं. चुलीत लाकूड तडकलं. बाना म्विलाने पदरासारखं चितेंगेचं टोक तोंडाला लावलं, काढलं, आणि नातीकडे पाठ करून एकदम ओबेदकडे वळली.

"ऐक रे उंदीरखाऊ," ती म्हणाली. "एचआयव्ही काय तुझ्या एकट्याच्या बापाची इस्टेट आहे? माझ्या नातीलापण आहे. जन्मापासून आहे. तिच्या आईकडून आला, आणि तिच्या आईनं कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. तुझ्यासारख्या उंदीरखाऊला जे झेपतं, ते माझ्या नातीला झेपणार नाही होय?"

शेवटी तिचा आवाज चिरकला. पण शब्द बाहेर पडला होता.

कासुबा उठली आणि खुराड्याजवळ जाऊन पाठमोरी बसली. आजी उठायला लागली, तर ओबेदने तिचा हात धरला. ओबेदलाही भीती वाटत होतीच.

"म्हणजे दमा नाहीच मला?" बऱ्याच वेळाने तिकडून आवाज आला.

"नाही," आजी म्हणाली.

"मला वाटायचं मीच खोटी आहे. वर्गातला तो दम्याचा मुलगा कसला धापा टाकतो. मी टाकत नाही. म्हटलं, गोळी सोडून बघू, लागते का धाप." ती वळली. "आई ह्यानंच गेली?"

"औषध होतं गं," आजी म्हणाली. "ती रांगेत उभी राहिली नाही. कुणी बघेल म्हणून. आणि मीपण तिला ओढून नेलं नाही."

"मग मीपण मरणार?"

"ह्याच्याकडे बघ," बाना म्विला म्हणाली. "दहा वर्षं मी रोज देवाला सांगते, ह्याला उचल. मेला का?"

"उलट पोट सुटलं," ओबेद म्हणाला.

कासुबाला हसू आलं. नको असताना आलं, आणि आल्यावर थांबेना. ओबेद तेवढ्याचीच वाट बघत होता. त्याने न्शिम्याचं रिकामं भांडं उचललं, हॅटवर पालथं घातलं, आणि अंगणाच्या मधोमध लोळण घेऊन गळा काढला, "अगं म्विला, कुठं गेलीस गं. तुझी आई मला मासळी मोजून वाढते गं. माकडाचं एक शेपूटसुद्धा ठेवलं नाही गं मला."

बाना म्विला आधी बघतच राहिली. मग तिला कळलं की हे म्विलाचं आहे, राहून गेलेलं. ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि नातीने तिला मिठी मारली तरी दोन्ही चालूच होतं. शेजारणी कुंपणावरून डोकावल्या. म्हातारीने कुणाला हटकलं नाही.

कोंबडी ओबेद घेऊनच गेला. रिवाज म्हणजे रिवाज.

पुढच्या शनिवारी उन्हाने माती तापली होती. इतके दिवस कासुबा औषध घेऊन बाहेरच्या बाहेर पळे. आज ती मागच्या खोलीत शिरली, जिथे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि कुणी काही म्हणायच्या आत थेट ढोलापाशी आली.

"उंदीरखाऊ," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "माझी कोंबडी नेलीत ना? मग ही माझी." आणि तिने त्याच्या डोक्यावरची हॅट उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली. ती तिच्या भुवयांपर्यंत आली. पोरांनी बाकं बडवली.

ओबेदचा हात अर्ध्यावर गेला. एनेलेसची हॅट. मग त्याने तो हात खाली घेतला आणि ढोलावर ठेवला.

"गोळी?" त्याने विचारलं.

"रोज. कोंबड्यांना सांगितलंय, तुमचं तुम्ही बघा."

बाना म्विला दारात उभी होती. "हसते अगदी म्विलासारखी," ती म्हणाली. कुणाला म्हणून नाही.

दुपारी ओबेद बोडक्या डोक्याने घरी निघाला. टाळू भाजत होती. वाटेत कुणी भेटलं की हॅट उचलायला हात वर जाई आणि रिकामाच खाली येई.

"बा जेरे, हॅट कुठं गेली?" कोळसेवाल्याने विचारलं.

"एका माकडखाऊनं नेली," ओबेद म्हणाला, आणि सावली असलेली बाजू सोडून भर उन्हातूनच चालत राहिला.