ऑरविलच्या तळघरातला डबा
मी बोलतोय, आणि रागाने बोलतोय, हे आधीच सांगून ठेवतो. मी वीस काडतुसांचा पुठ्ठ्याचा डबा. मिशिगनच्या उत्तर टोकाला, ऑरविल लॅम्पिनेनच्या तळघरात, कालपरवापर्यंत बिटाच्या बरण्यांमागे दडवलेला.

माझा जन्मच रखडत झाला. पितळेच्या नळ्या तयार, शिसं तयार, दारू तयार. पण बुडाला बसते ती टिकलीएवढी टोपी, जिच्यावर घाव बसला की ठिणगी पडते, तीच येईना. ती बनवणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतके. त्यांचा माल आधी सैन्याला, मग पिस्तूलवाल्यांना. आम्ही पडलो जुन्या शिकारी बंदुकीच्या गोळ्या. आमच्या मापाला वर्षातून एकदा यंत्र मिळतं, तेही मेहेरबानी केल्यासारखं.

तरी हरणांच्या हंगामाआधी आम्ही सहा डबे गसच्या दुकानात पोचलो. गसने पाटी लावली होती : माणशी एकच डबा. पण त्याच सकाळी रेडिओवर कोणीतरी बरळला, की नवा कायदा येतोय, गोळ्या बंद होणार. झालं! ऑरविल धावत आला. एक डबा नेला. मग टोपी बदलून आला. मग काळा चष्मा लावून.

"अरे, चाळीस वर्षं ओळखतो मी तुला," गस म्हणाला. "आणि या मापाची बंदूक तुझ्याकडे आहेच कुठे?"

"नसू दे! मिळतंय तोवर घेऊन ठेवावं. उद्या कशाच्या तरी बदल्यात देता येईल."

गसही मेला गुळमुळीत. हसत हसत सहाही डबे देऊन बसला. इथे ऑरविलच्या तळघरात माझ्याआधीचे साठ डबे धूळ खात होतेच.

त्याच दुपारी शेजारची वर्ना कोस्की आली. तिची बंदूक नेमकी माझ्याच मापाची. तळघराचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं.

"ऑरविल, एक डबा दे ना रे. माझ्याकडे दोनच गोळ्या उरल्यात. बंदूक पडली, तिची दुर्बीण हललीय. कागदावर गोळी मारून नेम तपासल्याशिवाय हरणावर कशी रोखू? एक हरीण मिळालं की माझा हिवाळा निघतो."

"शपथेवर सांगतो, वर्ना, एकही नाही. टंचाई आहे ना सगळीकडे!"

खोटारडा! पुठ्ठ्याला हात असते तर मी त्याचं तोंड दाबलं असतं.

वर्नाने एक गोळी कागदावर घालवली. नेम वीतभर डावीकडे. दुर्बीण फिरवली, पण ती बरोबर बसली का, हे बघायला दुसरी गोळी हवी होती. आणि जनावर जखमी करून रानात सोडणं तिला मरणाहून वाईट. पंधरा दिवस ती एक गोळी घेऊन बर्फात बसली. हरणं समोरून गेली. तिने घोडा ओढला नाही.

डिसेंबरच्या पहिल्या सकाळी ऑरविलच्या तळघरातली पाण्याची टाकी फुटली. त्याची कंबर धरलेली. त्याने फोन केला कोणाला? वर्नालाच. ती रबरी बूट घालून धावत आली, गुडघाभर पाण्यात उतरली, बरण्या उचलू लागली. आणि मी तिच्या हातात आलो. तिने माझ्यावरचं माप वाचलं, मग मागे रचलेले बाकीचे डबे पाहिले.

"अगं, घेऊन जा ना," ऑरविल जिन्यावरून पुटपुटला. "सगळे ने."

"हंगाम काल संपला, ऑरविल. आता काय पुठ्ठा शिजवून खाऊ?"

तिने एकेक करून आम्हा सगळ्यांना वरच्या फळीवर कोरडं ठेवलं. मग खिशातून आपली ती एकुलती गोळी काढली आणि माझ्या डोक्यावर उभी केली.

"हीपण ठेव. टंचाई आहे ना."

ती गेली. रविवारी चर्चमध्ये ऑरविल सगळ्यांना सांगत होता म्हणे, "बघा, मी म्हणत नव्हतो, गोळ्या मिळणार नाहीत?" वाचणाऱ्या बाबांनो, तुमच्यापैकी कोणाची त्या गावाला फेरी झाली, तर मला इथून उचला आणि वर्नाच्या दारात ठेवा. आणि ही वरची गोळी आधी घ्या. तिचं ओझं मला सोसवत नाही.