सहावी नळी

"वहिनी, नळ्या सहा आहेत अन् बायका पाच. रक्त घेणारी अवंतिका नोकरी सोडून गेली, तिचा फोन लागत नाही. नीट आठव, कोणी राहिलं तर नाही?" सुखदा नागपूरहून फोनवर म्हणाली होती. प्रणोतीने ते उडवून लावलं. "तुझ्या त्या अवंतिकेनेच कोणाचं तरी दोनदा घेतलं असेल. चलो, आता विषय संपव." तिचा स्वतःचा स्कॅन साफ आला होता, कडेवरची चिऊ केस ओढत होती. जिवावरचं टळलं की माणसाला मोजदाद नकोशी होते.

गोष्ट संक्रांतीच्या हळदीकुंकवाची. नणंद सुखदा कॅन्सरच्या प्रयोगशाळेत काम करायची. आपल्या पेशी रक्तात अतिबारीक पुड्या सोडत असतात, त्यांना एक्सोसोम म्हणतात. कॅन्सरची पेशीही सोडते, कधीकधी गाठ दिसायच्या बऱ्याच आधी. ती पुडी ओळखायची तर तुलनेला धडधाकट बायकांचं रक्त हवं. म्हणून सुखदा मदतनीस अवंतिकेला घेऊनच कांचघर मोहल्ल्यातल्या माहेरी सणाला आली.

"बाई गं! लोक वाण देतात, ही पोरगी रक्त काढून राहिली!" सासूबाई म्हणाल्या आणि बैठकीत हशा पिकला. नळ्यांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक. नियमच तसा.

पुढे त्यातली एक नळी बिघडलेली निघाली. पुड्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांसारख्या. "हे निदान नाही, अजून संशोधनच आहे," सुखदाने बजावलं, "पण सगळ्या तपासून घ्या." प्रणोतीने अन्न सोडलं. चिऊला पाजताना तिला वाटायचं, ही मला आठवेल तरी का? पाचही जणी तपासून आल्या. पाचही जणी ठणठणीत. मग तो फोन आला आणि तिने तो उडवून लावला.

उन्हाळ्यात विनताकाकूंचं जेवण तुटलं. रत्नाकरकाका गेल्यापासून या चुलत सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या.

"काकू, काहून खात नाही?"

"गरमी आहे गं. तू चिऊचं बघ."

प्रणोती चिऊचंच बघत होती. तिचा ताप, तिची शी, तिच्या अंगावरचा प्रत्येक पुरळ. काकूंची ब्लाउजं सैल झालेली तिने वाळत घालताना पाहिली, आणि घडी करून ठेवली.

पावसाळ्यात एका सकाळी काकू अंगणात चिऊला तेल लावत बसल्या होत्या. उन्हात त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले.

दवाखान्यात नर्सने दंडाला रबर बांधलं. काकूंनी हात निमूट पुढे केला. "आमच्या अवंतिकेचा हात जास्त हलका होता हो," त्या नर्सला म्हणाल्या.

प्रणोतीने विचारलं, "अवंतिकेने तुमचं रक्त कधी घेतलं?"

"संक्रांतीला. मी कचोऱ्या तळत होते, ती पाणी प्यायला आत आली. म्हटलं, माझं कुंकू चालत नाही, रक्त चालतं का बघ."

"मग सांगितलं काहून नाही, काकू?"

"विचारलं कोणी?" त्या शांतपणे म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. खरंच कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी बाहेर येऊ नये असंही कोणी म्हटलं नव्हतं, या असंही नाही. बायका मोजल्या त्या बैठकीतल्या. स्वयंपाकघरातली बाई मोजण्यात आलीच नाही.

आजार यकृतात उतरला होता. ऑपरेशनची वेळ निघून गेली, डॉक्टर म्हणाले. आधी कळलं असतं तर? "तेव्हा कदाचित," ते म्हणाले. सुखदा फोनवर नुसती रडली.

आता काकू खिडकीशी पडून असतात. चिऊ त्यांच्या पोटावर चढायला बघते, प्रणोती तिला अलगद उचलते. दुखतं त्यांना. वाटी तशीच परत येते.

तुमच्या घरीही सण झाला असेल, बैठक भरली असेल. आत कढईपाशी कोणी होतं का? हे वाचून झालं की उठा, तिच्याजवळ जा, उजेडात तिचे डोळे बघा. आणि तिला विचारा, नीट जेवते का.