आडवा पडलेला बोया

व्हर्लिन स्टूक्सबरीला जानेवारीत घरात बसवायचं तर खुर्चीला दोरखंडानेच बांधायला हवं. उन्हाळ्यात बास मासा कोणीही उचलतो, त्यात कसली आलीय मर्दुमकी, असं त्याचं म्हणणं. खरा खेळ आत्ता, धरणाचं पाणी इतकं गार असताना, की बोट बुडवलं तर कळ खांद्यापर्यंत जावी. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्याने एकही जानेवारी सोडला नव्हता, आणि हा सोडायचाही त्याचा अजिबात विचार नव्हता.

पण आज गोष्ट माशांची नव्हती, होडीची होती. नोव्हेंबरात त्याने ती धक्क्याच्या खांबावर नेऊन आदळली. धुकं होतं, असं त्याने छातीठोक सांगितलं. त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. तेव्हापासून त्याची मुलगी ट्वायला होडी विकायच्या मागे लागली होती, आणि शेवटी दोघांचं ठरलं : बारा वाजेपर्यंत पाच बास. दोऱ्यावर तरंगणारा बोया त्याचा त्याने बघायचा, ट्वायला चकार शब्द बोलणार नाही. पाच आले तर होडी राहील. नाही आले तर सोमवारी ती शेजारचा हॉबर्ट घेऊन जाईल.

हॉबर्ट सकाळी धक्क्यावर हजरच होता. उभ्या ठेवलेल्या गळाच्या काठीकडे तो मान तिरपी करून बघत होता.

"गळापासून सहा फुटांवर लावलायस बोया?" त्याने विचारलं.

"हो तर. लिहून घे," व्हर्लिन म्हणाला.

धक्क्यावर येण्याआधी बोया खाली सरकवून ठेवायचा, ही त्याची चाळीस वर्षांची सवय. मासा किती खोल लागतो ते हॉबर्टसारख्यांना फुकट कशाला सांगायचं? होडी काठावरच्या खडकाळ कड्याखाली पोचल्यावर त्याने दोरा हातांनी मोजला आणि बोया वर सरकवला. दीड वाव, वर एक हात, म्हणजे साडेदहा फूट. त्याच्या बोटांना अजून सगळं येत होतं. दोऱ्याच्या टोकाला बदकाच्या पिसांचा, शिशाच्या डोक्याचा इवलासा गळ. वर बोराएवढा लाल-पांढरा बोया. गारठ्यात बास खोल पाण्यात अधांतरी लोंबकळत राहतो आणि कशाच्याही मागे धावत नाही. त्याच्या नाकासमोर पीस नुसतं टांगून ठेवायचं.

आणि मग बोयावर नजर. इथेच सगळं अडलं होतं.

कारण दहा फुटांपलीकडचं जग व्हर्लिनला आता दह्यात घोळल्यासारखं दिसायचं. गेलं ते परत येणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं होतं, आणि ते व्हर्लिनने कोणालाही सांगितलं नव्हतं. बोया पडायचा साठ फुटांवर. शिवाय हा मासा बोया बुडवतही नाही. तो पीस तोंडात धरून अलगद वर येतो, गळाचं ओझं निघून जातं आणि उभा बोया पाण्यावर आडवा पडतो. तेवढ्यात हिसका दिला तर मासा तुमचा. नाहीतर दोन श्वासांत तो पीस थुंकून मोकळा.

तरीही व्हर्लिन बिनघोर होता. त्याला बोया दिसत नव्हता, पण सहा फुटांवर, पुढच्या फळीवर बसलेली ट्वायला दिसत होती. सहा वर्षांची होती तेव्हापासून तिची खोड एकच : बोया हलला की तिचं च्युइंगगम चघळणं थांबायचं. आता ती सेहेचाळीस वर्षांची, शाळेची बस चालवणारी खमकी बाई. खोड तीच.

जबडा थांबला. व्हर्लिनने काठी सपकन मागे घेतली. पहिला मासा.

"हे कसं काय?" ट्वायला म्हणाली.

"डोळे लागतात, पोरी."

दुसरा आला. दोरा ओवलेल्या काठीच्या कड्यांत बर्फ साचला, तो त्याने काठी पाण्यात बुडवून काढला. मग तिसरा. ट्वायलाने पावात कोंबलेला सॉसेज काढला, आणि तिने मोठा घास घेतल्यावर व्हर्लिनची पंचाईत झाली, कारण आता जबडा कशासाठी हलतोय ते कळेना. पण घास अर्ध्यात थांबला. चौथा!

"हॉबर्टला म्हणावं, झोपून राहा सोमवारी," तो म्हणाला.

साडेअकराला वारा सुटला. पाण्यावर लाटा उठल्या. बोया नाचू लागला की खाली पीस जिवंत होतं, याहून चांगला वारा मागूनही मिळत नाही. ट्वायलाने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि लोकरीचा मफलर नाकापर्यंत वर ओढून घेतला.

जबडा गायब!

व्हर्लिन खाकरला. "पाव खा की, राहिलाय तुझा."

"भूक नाही, डॅडी."

"गार होईल."

"केव्हाच झालाय."

त्याने डोळे फाडफाडून पाण्याकडे पाहिलं. चमचम, राखाडी, परत चमचम. त्याने अंदाजाने एक हिसका दिला, पीस रिकामं आलं. पुन्हा फेकलं. बारा वाजायला सात मिनिटं होती. त्याच्या डोळ्यांसमोर सोमवार आला : शेजारच्या उतारावर उभी असलेली होडी, तिच्यावर टेकून उभा हॉबर्ट, आणि खिडकीतून ते बघत बसलेला आपण. बायको गेली तेव्हा याच होडीने त्याला सकाळी अंथरुणातून उठवलं होतं.

"आडवा पडलाय!" ट्वायला किंचाळली. "डॅडी, ओढा! अहो ओढा ना!"

त्याने ओढलं. काठी मुळापर्यंत वाकली, रीळ करकरलं. हे मात्र डोळ्यांचं काम नव्हतं. दोरा कधी सोडायचा, कधी गोळा करायचा, ते मनगटाला ठाऊक होतं. शेवटी ट्वायलाने हातजाळी खाली घातली आणि तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचा असा बास वर आला की जाळीत मावेना. तिने तो दोन्ही हातांनी त्याच्या डोळ्यांजवळ धरला. मग परत पाण्यात सोडला.

"तू बोललीस," व्हर्लिन म्हणाला. "अट तू मोडलीस."

"मोडली."

तो ओलं पीस बोटांत फिरवत राहिला. "मला दिसला नव्हता गं तो. एकही दिसला नव्हता."

"चौथ्याला कळलं मला. सकाळपासून तुम्ही पाण्याकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता." तिने मफलर खाली केला. तिचं नाक लाल झालं होतं आणि डोळे भरले होते. "म्हटलं, तोंड झाकते आणि गप्प बसते, म्हणजे ही होडी एकदाची जाईल आणि मी रात्री नीट झोपेन. पण तो आडवा पडला, डॅडी. तो आडवा पडलेला बघून गप्प कसं बसायचं?"

व्हर्लिनला भडभडून आलं. डोळे पुसायला त्याने हातमोजा वापरला आणि वाऱ्याला शिवी हासडली.

ट्वायलाने मोटर सुरू केली. धक्का दिसायच्या आधीच त्याने चाचपत बोया सहा फुटांवर आणून ठेवला.

"ट्वायला," तो म्हणाला, "पुढच्या शनिवारी येताना मफलर घरी ठेवून ये."