चढावरचा हात

माझी घंटी केव्हाच तुटली आहे, त्यामुळे आवाज देऊन मला कुणाला थांबवता येत नाही. तरी जरा थांबाल का? मी तुडीलच्या यशराजची सायकल. मला काही सांगायचं आहे, आणि खरं म्हणजे थोडं विचारायचंही आहे. गेल्या थंडीत एक गोष्ट घडली, ती मला अजून नीट उमगलेली नाही.

माझा जन्म लुधियानाच्या कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून मी महाडला आले. माझे पहिले मालक अश्विनसाहेब औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. पोट कमी करायचं म्हणून त्यांनी मला आणलं. थोडे दिवस हौसेने फिरवलं, आणि मग गॅलरीत उभं केलं. माझ्या हँडलवर टॉवेल वाळू लागले. माणसं एखादी वस्तू कौतुकाने घरी आणतात आणि मग तिच्यावर ओले कपडे टाकतात. का, ते मला अजून कळलेलं नाही.

साहेबांची बदली झाली तेव्हा सामान टेम्पोत चढवायला कंपनीतला एक कंत्राटी मुलगा आला. तो यशराज. खाली मान घालून काम करत होता. जाता येता माझ्या चाकावरची धूळ बोटाने पुसत होता.

साहेब म्हणाले, "घेऊन जा रे ही. नाहीतर भंगारवाला नेईल."

"नको नको, साहेब."

साहेबांनी पुन्हा म्हटलं. तो पुन्हा "नको" म्हणाला. आणि संध्याकाळी मला घेऊन गेला.

पुढे माझ्या लक्षात आलं की यशराज सगळ्यालाच आधी नको म्हणतो. चहाला नको, दुसऱ्या भाकरीला नको. त्याची आई बनुबाई हसून ताटात भाकरी टाकते आणि तो मुकाट्याने खातो. सगळ्या गावाला हे माहीत आहे.

तुडीलला मी ओटीवर राहते. ओटीवर संध्याकाळी माणसं जमतात, तेव्हा मला बसल्या जागी सगळं ऐकू येतं. यशराजला गावात 'अर्ध्या' म्हणतात हे मला तिथेच कळलं. हे नाव त्याच्या चुलत्यांनी, कोंडाजीकाकांनी ठेवलं होतं. शाळा अर्ध्यात सोडली, मुंबईला हॉटेलात लागला ते अर्ध्यात सोडलं, भरतीसाठी पळायला लागला तेही सोडलं. काका बोलायचे ते मायेनेच. पण ते 'अर्ध्या' म्हणाले की यशराज फडकं घेऊन माझी चेन पुसायला बसायचा. चेन स्वच्छ असली तरी पुसायचा.

एकदा कंपनीच्या फाटकाबाहेर शर्यतीचा फलक लागला. पोलादपूरला होती. आधी धरणात पोहायचं, मग सायकल चालवायची, मग पळायचं, आणि सगळं एका दमात. यशराज त्या फलकापाशी मला धरून बराच वेळ उभा राहिला.

ओटीवर बातमी फुटली तेव्हा नुसती धमाल उडाली.

"पोवायचं? सावित्रीत?" काका म्हणाले. "मगरींना सांगितलंस काय, शर्यत हाय म्हणून?"

"धरणात हाय, काका."

"बरं. आणि पोवून, सायकल मारून, पळून जायचं कुठं?"

"परत तिथंच."

"मग कशाला जातोस? तिथंच बस की!"

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण मलाही तोच प्रश्न पडला होता. मी रोज तुडीलहून वसाहतीत जाते, ते यशराजला कामावर पोचवायला. वीर स्टेशनला जाते, ते कुणाला तरी रेल्वेगाडीवर सोडायला. जिथून निघालो तिथेच यायचं, तर निघायचं कशासाठी?

त्या रात्री मला तेल घालताना यशराज अगदी हळू बोलला. तो माणसांशी कमी बोलतो, माझ्याशी थोडं जास्त. म्हणाला, "एवढं एक पुरं करायचं हाय." मला वाटलं, तो तेलाबद्दल बोलतोय.

शर्यतीच्या सकाळी बनुबाईंनी माझ्या हँडलला हळदकुंकू लावलं. पोलादपूरच्या मैदानात एका लांब दांडीवर शंभर सायकली टांगल्या होत्या. मला तो सायकलींचा गोठाच वाटला. माझ्या शेजारची सायकल इतकी हलकी होती की तिचा मालक तिला एका बोटाने उचलत होता. तिला हळदकुंकू नव्हतं. ती माझ्याशी बोललीही नाही.

यशराजने माझ्याजवळ बूट ठेवले आणि तो धरणाकडे गेला. बऱ्याच वेळाने पळत आला, तो डोक्यापासून पायापर्यंत ओला. मला वाटलं, पडला की काय पाण्यात! तो तसाच माझ्यावर बसला आणि आम्ही आंबेनळी घाटाला लागलो.

घाट मला माहीत नव्हता. एक वळण झालं की पुढे दुसरं, आणि दोन्ही वरच जाणारी. हलक्या सायकली फुर्रकन पुढे गेल्या. यशराजचा घाम माझ्या दांडीवर टपटप पडत होता. तो एकसारखा घड्याळ बघत होता. ठरलेल्या वेळेत मैदानात परतलं नाही तर शर्यतीतून काढतात, एवढं मला मैदानातल्या बोलण्यावरून कळलं होतं.

सगळ्यात उभ्या वळणावर ओळखीचा गलका ऐकू आला. तुडीलची माणसं टेम्पो करून आली होती.

"आला रे आला, आपला अर्ध्या आला!"

"मेला की रे पोरगा, बघ कसा धापतोय!"

"बघताय काय? लावा हात!" काका ओरडले.

तुडीलची एक रीत आहे. नदीच्या चढाने कुणी ओझं घेऊन येताना दिसला की हातातलं काम टाकून त्याला हात लावायचा. भाताची पोती असोत, गाडी असो की देवाची पालखी असो. आदल्या दिवशी ज्याच्याशी बांधावरून भांडण झालं, त्यालाही. चढ असेल तिथे विचारायचं नाही, असं काका म्हणतात.

माझ्या सीटला मागून पाच-सहा हात लागले. मी एकदम हलकी झाले. त्या शेजारणीसारखी! जन्मात एवढा आनंद मला झाला नव्हता.

पण यशराज ओरडत होता, "काका, नको! सोडा! नको म्हणतो ना!"

"लाजतोय बघ कसा!"

बनुबाई मागून धावत म्हणाल्या, "तो जेवताना पण आधी नकोच म्हणतो. तुमी लोटा!"

ब्रेक दाबून तो थांबेपर्यंत त्यांनी आम्हाला जवळजवळ वळणाच्या माथ्यावर नेलं होतं. तिथे शिट्टी वाजली. शर्यतीवर लक्ष ठेवणारी सेजल नावाची मुलगी, गळ्यात ओळखपत्र घातलेली, समोर आली.

"तुम्ही बाहेरची मदत घेतलीत. हे नियमात बसत नाही."

"बाहेरची कसली?" काका म्हणाले. "आमी घरचीच माणसं हाव. मी सख्खा चुलता हाय त्याचा."

"काका, मला कळतंय. पण त्याने स्वतःच चढायचं असतं." मग ती यशराजला म्हणाली, "जिथे हात लागला तिथे खाली जा आणि परत चढून या. नाहीतर इथेच थांबावं लागेल."

"चढलेलं उतरायचं?" काका म्हणाले. "येडी झाली काय गो तू? वेळ जाईल त्याचा!"

यशराजने एक पाय जमिनीवर टेकवला होता. त्याला कुणाला रागावता येत नाही. मला वाटलं, आता दुसराही पाय टेकवेल, मला टेम्पोत टाकतील आणि आम्ही घरी जाऊ. गर्दीतही बहुतेक सगळ्यांना तसंच वाटत असावं, कारण एकाने टेम्पोचं फळकं उघडलंसुद्धा.

यशराजने माझं तोंड खाली वळवलं.

आम्ही उतरलो आणि पुन्हा चढू लागलो. या वेळी मी आधीपेक्षा जड झाले होते, की तो थकला होता, सांगता येत नाही. दोन्ही बाजूंना तुडीलची माणसं उभी होती. कुणी हात काखेत दाबून धरले होते, कुणी खिशात घातले होते. बनुबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. आम्ही जवळून गेलो तेव्हा काकांचा उजवा हात आपोआप पुढे आला, आणि त्यांनी तो डाव्या हाताने पकडला. जन्मभराची सवय अशी स्वतःच्याच हाताने आवरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

आम्ही मैदानात परतलो तेव्हा वेळ संपली होती. एका माणसाने यशराजच्या छातीवरचा नंबर काढून घेतला. तो वाईट बोलला नाही, पाठीवर थापही दिली. मला दांडीला टांगून यशराज खाली बसला. मग त्याने बुटांच्या नाड्या बांधल्या.

"आता मी पळालो तर चालेल काय?"

"रस्ता सगळ्यांचाच आहे. पण यादीत नाव येणार नाही."

"नाय आलं तरी चालेल," यशराज म्हणाला आणि निघाला.

मी गोंधळून गेले. शर्यत तर संपली होती. मग हा पळतोय कशात?

माझ्या आजूबाजूच्या सायकली एकेक करून गेल्या. मग टेम्पो आला. यशराज कुठे आहे, असं काकांनी नंबर काढून घेणाऱ्या माणसाला विचारलं. त्याने सांगितलं, मुलगा शर्यतीतून बाद झाला आहे, तरी पळतोय. त्यांच्यामुळेच हे झालं, हे त्यांना न सांगता कळलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "बाद झाला, म्हणजे आता हात लावला तर चालतो?"

तो माणूस हसला. "आता लावा."

काकांनी मला दांडीवरून काढलं आणि हाताने ढकलत रस्त्याने निघाले. मागून बनुबाई पाण्याची बाटली घेऊन, आणि त्यांच्या मागे सगळी माणसं. ऊन कलल्यावर आम्हाला यशराज दिसला. पळत नव्हता, लंगडत होता. एका बुटावर रक्त आलं होतं. पुढे मैदानाकडे नेणारा शेवटचा लहानसा चढ होता.

काका त्याच्या शेजारी आले. त्यांचा एक हात माझ्या सीटवर होता, दुसरा मोकळा होता.

"यशराज," ते म्हणाले. "हात लावू काय रे?"

त्यांनी त्याला पूर्ण नावाने हाक मारलेली मी तोवर ऐकली नव्हती. आणि चढावर विचारलेलंही.

"नको, काका," यशराज म्हणाला.

या वेळी कुणी हसलं नाही. कुणी हातही लावला नाही. बनुबाईंनी पाण्याची बाटलीसुद्धा पदराखाली धरून ठेवली. तो एक एक पाऊल टाकत चढला आणि आम्ही सगळे त्याच्या चालीने मागून चाललो. मैदानात शर्यत संपते तिथली कापडी कमान सोडून ठेवली होती, माणसं तिची घडी घालत होती. जिथे कमान होती तिथल्या चुन्याच्या रेघेवर यशराजने पाय ठेवला आणि थांबला. मग वळून म्हणाला, "आये, आता दे पाणी."

आता मी पुन्हा ओटीवर आहे. हँडलचं कुंकू पुसट झालं आहे. रोज वसाहतीत जाते आणि येते. यशराजला पदक मिळालं नाही, यादीत नावही नाही. तरी ओटीवर आता कुणी 'अर्ध्या' म्हणत नाही. त्याने काय पुरं केलं, ते मला विचारलंत तर सांगता येणार नाही. त्या वळणावरचे हात मला अजून आठवतात. ते चुकीचे होते असं सगळे म्हणतात, पण माझ्या सीटला ते किती उबदार लागले होते!

तुम्हाला हे कोडं सुटलं तर मला सांगा. तोवर एवढंच करा. रस्त्यात कुणी चढाला लागलेला दिसला, तर जवळ जा. हात पुढे करा. पण लावण्याआधी एकदा त्याला विचारा.