कोट कुणी दिला

ग्रीत्ये किकर्टबाईंकडे लेकीच्या अकराच्या अकरा तबकड्या होत्या आणि त्यांतलं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं. लेक फ्रेंचमध्ये गायची. ग्रीत्येबाईंचा सगळा जन्म टेक्सेल बेटावरच्या आउडस्खिल्ड बंदरात गेला होता आणि फ्रेंच म्हणजे त्यांना रेडिओवरची खरखर. पण घरी कुणीही आलं, की कॉफीबरोबर तबकडी लागायचीच. लोक मान डोलवायचे. त्यांनाही काही कळत नसे.

लेकीला, म्हणजे नेल्त्येला, हे पुरेपूर ठाऊक होतं आणि त्यावर ती तेरा वर्षं निर्धास्त होती.

एकोणिसाव्या वर्षी ती ॲमस्टरडॅमच्या एका नाचघरात फ्रेंच गाणी म्हणायला लागली, शब्द डच अक्षरांत लिहून, पाठ करून. लोकांना आवाज आवडला. मग ब्रसेल्स, आणि त्रेसष्ट साली पॅरिस. तिथे नेल्त्ये किकर्टची नेल कोर्वाल झाली. तिचे उच्चार जरा रांगडे होते; वर्तमानपत्रांनी तिला ‘उत्तरेकडच्या वाऱ्याची पोर’ म्हटलं, तेव्हा तबकड्या काढणाऱ्या निर्मात्याने ते उच्चार सुधारायला बंदी केली. तीन वर्षं ती दुसऱ्यांच्या कार्यक्रमात पहिली वीस मिनिटं गायची. सहासष्टमध्ये व्हासलँ नावाच्या गीतकाराने तिला कॅफेत बसवून विचारलं, की तुझं स्वतःचं असं काही आहे का. तिने बापाची हकीकत सांगितली.

नोव्हेंबर अठ्ठावन्न. वारा पश्चिमेला फिरला होता. कोळंबीच्या होडीचं इंजिन धड नव्हतं, तरी बाप जायचं म्हणत होता. सकाळी त्यावरून आईबापाचं भांडण झालं. त्याचा मेणकापडी कोट घरात कुठे सापडेना. शेवटी कोट त्याला धक्क्यावर मिळाला आणि तो गेला. होडी तिसऱ्या दिवशी वाळूच्या पट्टीवर लागली. तो सापडला नाही.

‘‘कोट कुणी दिला?’’ व्हासलँने लिहिता लिहिता विचारलं.

‘‘आईने,’’ ती म्हणाली.

त्या एका शब्दावर गाणं उभं राहिलं. गाण्यातली बाई नवऱ्याच्या खांद्यावर कोट टाकते आणि म्हणते, जा, रिकाम्या हाताने येऊ नकोस. फ्रान्सभर ते वाजलं. पुढे प्रत्येक कार्यक्रम याच गाण्याने संपायचा, आणि संपल्यावर कुणीतरी बाई हात हातात घेऊन म्हणायची, अशा आईच्या हाताखाली तुम्ही कशा वाढलात हो. नेल्त्ये हात सोडवून घ्यायची. आईने फोनवर विचारलं तेव्हा तिने सांगितलं, समुद्राचं गाणं आहे.

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. नेल्त्ये दोन दिवसांसाठी आली. बैठकीत भिंतीला लागून खुर्च्यांचा गोल मांडला होता. तिथल्या रीतीप्रमाणे येणारा प्रत्येक जण ग्रीत्येबाईंचं अभिनंदन करून मग एकेका खुर्चीपाशी जाऊन लेकीचं, मुलाचं, सुनेचं, शेजारणीचंसुद्धा अभिनंदन करत होता. केकचे तुकडे फिरले. शेजारीण त्रैनमावशी नेल्त्येच्या बुटांकडे बघून म्हणाली, की पॅरिसमध्ये चामडं महाग झालेलं दिसतं, टाचेलाच सगळं संपलं. सगळे हसले. नेल्त्येही हसली.

मग भाऊ सायब्रांटने चमच्याने कप वाजवला. वाढदिवसाला घरच्यांनी काहीतरी रचून म्हणायचं, हा रिवाज. त्याने स्वतः आईच्या सायकलीवर आठ ओळी जुळवल्या होत्या. त्या झाल्यावर त्याने आपल्या मुलीला पुढे केलं. वीके चौदा वर्षांची, शाळेत दुसऱ्या वर्षाचं फ्रेंच शिकणारी. तिच्या हातात लाल फीत बांधलेली कागदाची गुंडाळी होती. सायब्रांट अभिमानाने म्हणाला, की पोरीने आत्याचं ते मोठं गाणं आपल्या भाषेत आणलंय, पंधरा दिवस शब्दकोश घेऊन बसली होती. आज आईला कळेल लेक काय गाते ते.

वीके हसत नव्हती. ती आत्याकडे बघत होती. नेल्त्येला कळलं, की पोरीला अर्थ लागलाय, आणि बापाने सगळ्यांना आधीच सांगून टाकल्यामुळे तिला माघार घेता येत नाहीये.

‘‘दे, मी वाचते,’’ नेल्त्ये उठून म्हणाली. ‘‘गाणं माझं आहे.’’

वीकेने गुंडाळी लगेच दिली. अक्षर सुबक होतं, तिसऱ्या कडव्यापाशी खूप खाडाखोड होती. पोरीने तिथे काहीतरी सौम्य शब्द शोधायचा प्रयत्न केला होता आणि तो तिला सापडला नव्हता. नेल्त्येने कागद डोळ्यांसमोर धरला आणि त्यावर नसलेलंच वाचायला सुरुवात केली. समुद्र, धक्का, खिडकीत दिवा घेऊन बसलेली बाई. ती बाई म्हणते, जाऊ नकोस. तो जातो. ती दिवा विझवत नाही. तिला हे भराभर सुचत गेलं; इतक्या वर्षांचा सराव होता.

टाळ्या पडल्या. त्रैनमावशीने रुमाल काढला. वीके केकच्या ताटलीकडे बघत होती.

ग्रीत्येबाईंनी कॉफी संपवली. मग त्यांनी कप खाली ठेवला.

‘‘म्हणजे इतकी वर्षं तू माझंच गात होतीस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि मला वाटायचं, तू मला दोष देत असशील.’’

‘‘कसला दोष, आई?’’ सायब्रांटने विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. वीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. कोट त्यांनीच लपवला होता, शेडमधल्या कोळशाच्या पेटीत, पोत्याखाली. कोटाशिवाय त्या वाऱ्यात तो जाणार नाही, हा हिशेब. पण त्याला तो सापडला.

‘‘पेटीला कुलूप होतं. मी लावलं नाही. घाईत राहून गेलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘रोज कोळसा काढताना आठवतं. एवढंसं कुलूप.’’

सून उठून त्यांच्याजवळ गेली. सायब्रांट म्हणाला, की आई, वेडी आहेस का, बाबांनी कुलूपही तोडलं असतं. ग्रीत्येबाईंनी मान हलवली. समजूत पटल्याची ती मान नव्हती.

नेल्त्ये अजून उभीच होती. आता गप्प बसणंही सोपं होतं. आई खूश होती, गाणं सुंदर ठरलं होतं, उद्या दुपारची परतीची बोट होती. तिने कागदाची गुंडाळी केली, पुन्हा उलगडली.

‘‘बाबांना नाही सापडला,’’ ती म्हणाली. ‘‘मी काढला. पोत्याखालून. तू कोळशाच्या शेडमधून बाहेर येताना मी पाहिलं होतं.’’

खोलीत चमचे थांबले.

‘‘शनिवारी आल्कमारला गाण्याची स्पर्धा होती,’’ नेल्त्ये पुढे बोलली. ‘‘बाबा म्हणाले होते, माल चांगला लागला तर नवा झगा. म्हणून मी कोट घेऊन धक्क्यावर पळत गेले. आणि गाण्यात मी कोट तुझ्या हातात दिलाय, आई. मी आत्ता वाचलं ते कागदावर नाही. वीकेने बरोबर लिहिलंय.’’

त्रैनमावशी हळूच म्हणाली, की आपण जरा निघावं का. कुणी उठलं नाही.

ग्रीत्येबाई लेकीकडे बघत होत्या, समोरची व्यक्ती ओळखीची आहे की नाही ते ठरवावं तशा. झग्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. गाण्याबद्दलही नाही.

‘‘त्याने विचारलं असेल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कोट कुठून आणलास म्हणून.’’

‘‘विचारलं.’’

‘‘तू काय सांगितलंस?’’

‘‘आईने पाठवलाय.’’

ग्रीत्येबाईंनी खुर्चीचे हात धरले.

‘‘मी पाठवला असं वाटलं त्याला. म्हणजे माझा राग गेला असं वाटलं.’’ मग पुढे वाकून, ‘‘हसला का तो?’’

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. नेल्त्येच्या तोंडाशी तो शब्द आला होता आणि तो तिला नेहमीसारखा सुरेल म्हणता आला असता. पण बापाने कोट घेतला होता पाठमोरा, दोर सोडता सोडता, हात मागे करून. चेहरा तिने पाहिलाच नव्हता. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं, शाळेला उशीर होत होता.

‘‘मला माहीत नाही, आई,’’ ती म्हणाली. ‘‘मी बघितलं नाही.’’

ग्रीत्येबाईंनी वीकेला जवळ बोलावलं आणि शेजारच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. मग त्यांनी नेल्त्येच्या हातातला कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि तिसऱ्या कडव्यावरच्या खाडाखोडीवरून बोट फिरवत, ओठ हलवत, स्वतःच वाचायला लागल्या. पाहुणे आपापल्या खुर्चीत बसून राहिले. नेल्त्येही आपल्या खुर्चीत जाऊन बसली आणि आईचं वाचून व्हायची वाट बघू लागली.